वराळ्याचे चार दिवस

प्रवासवर्णन म्हटलें कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें काशी-रामेश्वर तरी उभें राहतें, नाहीं तर हिमालयाचें एखादें शिखर. आमचा हा प्रवास पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलनें जेमतेम तासाभराचा. तळेगांव दाभाडे स्टेशनावर उतरावें, रिक्षांत बसावें, आणि बाजाराची गजबज मागें पडली कीं थोड्याच वेळांत इंद्रायणीकांठचें वराळें गांव लागतें. आम्ही तेथें गेलों तेही घरगुती कामानेंच. तथापि तेथें काढलेल्या चार दिवसांनीं आम्हांस जो धडा दिला तो सदतीस वर्षें मास्तरकी करूनही नीट उमगला नव्हता. म्हणून हा वृत्तांत वाचकांपुढें ठेवीत आहों.

आमचे थोरले बंधु निवर्तल्यापासून वहिनी आपल्या मुलाकडे वराळ्यास असतात. हा आमचा पुतण्या नदीपलीकडील एका कारखान्यांत सुरक्षा व पर्यावरण या खात्याचें काम पाहतो. घरांत तो, त्याची पत्नी, आठ वर्षांचा मुलगा आणि दम्यानें थकलेल्या वहिनी. २०२४ सालच्या पितृपंधरवड्यांत बंधूंच्या तिथीस आम्हीं सहकुटुंब यावें असा वहिनींचा निरोप आला आणि आम्ही निघालों.

मावळांतील भाद्रपद ज्यानें पाहिला नसेल त्यानें तो एकदां अवश्य पाहावा. पाऊस ओसरलेला, पण गेला असें नाहीं. डोंगरांच्या माथ्यावर ढग अडकलेले. खाचरांतून भात पोटरींत आलेलें. याच तालुक्यांत, वडगांवच्या भात संशोधन केंद्रांत, तयार झालेला इंद्रायणी तांदूळ आज कितीतरी घरीं शिजतो. त्याच नांवाची नदी येथें भरून वाहत होती. लोणावळ्याजवळ कुरवंड्याच्या बाजूस ती उगम पावते, मावळ ओलांडून देहू-आळंदीस जाते आणि तुळापुरीं भीमेला मिळते. सकाळीं स्नानसंध्या आटोपून आम्ही पुलावर जाऊन उभे राहिलों. अलीकडे वराळें, पलीकडे आंबी, आणि त्यापुढें नवलाख उंबऱ्याकडे पसरलेली औद्योगिक वसाहत. दूरवर तुकोबांच्या चिंतनाचा भंडारा डोंगर. एकीकडे तो डोंगर, दुसरीकडे पत्र्याच्या छपरांच्या रांगा, आणि जें जें मिळेल तें तें पोटांत घेऊन मधून जाणारी नदी. वराळ्यास जें पाणी आम्हीं पाहिलें तेंच पुढें देहूस वारकऱ्यांच्या ओंजळींत जावयाचें, हा विचार मनांत आल्यावांचून राहिला नाहीं.

हें दृश्य पाहून आम्हीं नाक मुरडलें असें मात्र कोणीं समजूं नये. उद्योगधंद्यांचा आम्हांस तिटकारा नाहीं. याच तळेगांवांत १९०८ सालीं पैसा फंडाचा कांच कारखाना निघाला, तो लोकांनीं पैसा पैसा देऊन उभा केला. आज आमच्या पुतण्यासारख्या शेंकडों मुलांच्या चुली या पत्र्याच्या छपरांच्या आधारें पेटतात. फरक आहे तो एवढाच : पैसा फंडाच्या भट्टींत काय वितळतें हें कोणासही सांगतां आलें असतें, वाळू, सोडा आणि चुना. पलीकडच्या छपरांखालीं काय आहे, हें पुलावरून जाणाऱ्या चौघांस आम्हीं सहज विचारलें. एक म्हणाला "गाड्यांचे भाग", दुसरा म्हणाला "औषधें", तिसऱ्यानें "कंपनी" एवढेंच सांगितलें, आणि चौथ्यानें आमच्याकडे संशयानें पाहून सायकल पुढें दामटली.

दुसऱ्या दिवशीं नातवास घेऊन आम्ही वडगांवीं गेलों. जुन्या मुंबई-पुणें रस्त्याच्या कडेला उभे असतां एक मोठा टँकर समोर येऊन थांबला. त्याच्या पाठीवर चौकटींची एक पाटी होती. नांव चिखलानें माखलेलें. आंकडा तेवढा स्पष्ट दिसे : १२३०.

"आजोबा, हा कसला नंबर?" नातवानें विचारलें.

"परवान्याचा असेल," आम्हीं तात्काळ सांगून टाकलें. ठाऊक नसतांही उत्तर देणें हा आमच्या धंद्याचा जुना दोष आहे.

रात्रीं पुतण्यानें तो आंकडा ऐकला आणि हंसला. "काका, तो परवान्याचा नव्हे. तें त्या मालाचें नांवच. धोकादायक मालाला संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनीं असे आंकडे दिलेले आहेत. १२३० म्हणजे मिथेनॉल, १२०३ पेट्रोल, १०१७ क्लोरीन, १००५ अमोनिया. १९८९ च्या मोटार वाहन नियमांप्रमाणें अशा टँकरवर ही पाटी लावावीच लागते. आग लागली तर ती कशानें विझवावी याची खूण आणि टेलिफोनचा नंबरही तिच्यावर असतो." मग तो जरा गंभीर झाला. १३ जून २०२३ रोजीं लोणावळा-खंडाळ्याच्या भागांत द्रुतगति मार्गावर रसायनाचा टँकर पेटला, जळतें द्रव्य पुलावरून खालच्या रस्त्यावर सांडलें आणि चार जीव गेले, ही हकीकत मावळांत अजून कोणी विसरलेलें नाहीं. "खालून जाणाऱ्यांना डोक्यावर काय आहे हें ठाऊक नव्हतें," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशीं बंधूंचें श्राद्ध यथासांग पार पडलें. रात्रीं सर्वांचीं जेवणें उरकल्यावर पुतण्या संगणक उघडून बसला.

"आजच्या दिवशीं तरी काम बाजूस ठेव," वहिनी म्हणाल्या.

"आई, ३० सप्टेंबरची मुदत आहे."

आम्हीं चष्मा लावून डोकावून पाहिलें. पर्यावरणविषयक वार्षिक विवरणपत्र होतें तें. ३१ मार्चला संपलेल्या वर्षांत कारखान्यानें पाणी किती वापरलें, कच्चा माल कोणता व किती लागला, सांडपाणी, धूर आणि घातक कचरा किती निघाला, हा सर्व तपशील त्यांत भरून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे धाडावयाचा. घातक कचऱ्याचें निराळें विवरणपत्र जूनअखेर जातें. याखेरीज विषारी वा स्फोटक रसायनांचा सांठा ठराविक मर्यादेपलीकडे गेला कीं १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांप्रमाणें सरकारास आगाऊ वर्दी द्यावी लागते. ही मर्यादा प्रत्येक रसायनाची वेगळी : अमोनिया ६० टन, क्लोरीन १० टन, आणि भोपाळचा जो वायु, मेथिल आयसोसायनेट, त्याची अवघी १५० किलो. विष जितकें जहाल तितकी मर्यादा लहान.

हें ऐकून आम्हांस घरचें माणूस भेटल्यासारखें वाटलें. हजेरीचे तक्ते, फीचे तक्ते, सांठ्याचे तक्ते. आमचा उभा जन्म तपासनीसांकडे तक्ते धाडण्यांत गेला. "तुझें अक्षर तरी कोणाला दिसत नाहीं," असें आम्हीं थट्टेनें म्हणत होतों, तोंच तो वास आला.

साडेदहाचा सुमार असावा. उघड्या खिडकींतून प्रथम एक उग्र दर्प आंत आला. घटकाभरांत डोळे चुरचुरूं लागले. वहिनींना खोकल्याची उबळ आली ती थांबेना. नातू झोपेंतून उठून आईच्या पदराआड शिरला. पुतण्यानें आधीं आपल्या कारखान्यांत टेलिफोन केला. तेथें सर्व ठीक होतें. मग दुसरीकडे केला, तिसरीकडे केला. रात्रपाळीच्या माणसांनीं "आमच्याकडे कांहीं नाहीं" एवढेंच सांगितलें.

आतां करावें काय? आमच्या मंडळींनीं साऱ्या खिडक्या सताड उघडण्यास सुरुवात केली. घरांत गॅस गळला तर असेंच करतात हें त्यांना पक्कें ठाऊक. सूनबाई त्यांच्या मागोमाग खिडक्या लावीत चालली. गल्लींत कोणी ओरडत होतें, "दारें लावून घ्या"; त्याच्यापेक्षां मोठ्यानें दुसरा ओरडत होता, "आंत कोंडून घेऊं नका, रस्त्यावर या." अर्धी गल्ली घरांत आणि अर्धी रस्त्यावर. रस्त्यावरचींही कांहीं माणसें नदीकडे निघालीं, तर कांहीं नदीकडून परत येत होतीं. आणि ज्याच्या टेबलावर ते तक्ते उघडे पडले होते तो आमचा पुतण्या मधोमध उभा राहून म्हणत होता, "वास कशाचा आहे तें कळल्याशिवाय मी काय सांगूं?"

वाचकहो, त्या एका वाक्यांत सर्व आलें. स्वयंपाकाच्या गॅसला मुळांत वास नसतो. तो गळला तर गृहिणीस कळावें म्हणून त्यांत एथिल मर्कॅप्टन नांवाचें दुर्गंधी द्रव्य मुद्दाम मिसळतात. म्हणजे तो वास ही एक वर्दीच होय, आणि ती सरकारी कचेरीस नव्हे, थेट चुलीपाशीं उभ्या असलेल्या बाईस दिलेली. तिला पुढील कर्तव्यही पाठ असतें : खिडक्या उघडा, विजेचें बटण दाबूं नका. पण बाहेरून क्लोरीन येत असेल तर नेमकें उलट : दारें-खिडक्या लावा. क्लोरीन हवेच्या सुमारें अडीचपट जड; तो सखल जागीं सांचतो, म्हणून नदीच्या पात्राकडे धांवणें म्हणजे त्याच्या तोंडीं जाणें. अमोनिया हवेहून हलका आणि पाण्यांत झटकन विरघळणारा. त्यास तोंडावर धरलेलें ओलें फडकें पुष्कळ आवरतें. एकाच वेळीं दिलेले दोन सल्ले, दोन्ही चांगल्या हेतूनें दिलेले, त्यांतला एक तारणारा व दुसरा मारणारा. आणि कोणता कोणता हें नांव कळेपर्यंत सांगतां येत नाहीं.

आम्हीं टॉवेल भिजवून वहिनींच्या तोंडाशीं धरला. तोही अंदाजानेंच. अर्ध्या तासानें वारा फिरला आणि वास ओसरला. ईश्वरकृपेनें कोणास इजा झाली नाहीं. वहिनी मात्र रात्रभर उशांना टेकून बसून होत्या.

सकाळीं आम्ही पुतण्यासह पुलापलीकडे गेलों. ज्या फाटकापुढें आम्ही प्रथम थांबलों त्याचें नांव येथें देत नाहीं, कारण वास तेथूनच आला असें म्हणण्यास कसलाही आधार नाहीं. फाटकाशेजारीं एक मोठा फलक होता. सर्वोच्च न्यायालयानें १४ ऑक्टोबर २००३ रोजीं दिलेल्या आदेशाप्रमाणें घातक रसायनें वापरणाऱ्या कारखान्यांनीं कोणतें रसायन किती आहे, पाणी, हवा व कचऱ्यांतून बाहेर काय जातें, हें फाटकाबाहेर लिहून ठेवावयाचें असतें. हा तोच फलक. रकाने सुबक आंखलेले, मथळे इंग्रजींत, पुष्कळसे रकाने कोरे, आणि तारखेच्या जागीं दोन वर्षांपूर्वींची तारीख. खालच्या ओळी गवतांत बुडालेल्या.

देवडीवरचा वृद्ध रखवालदार भला माणूस दिसला. "हें तुम्हांला वाचतां येतें का हो?" आम्हीं विचारलें.

"मास्तर, हें आपल्यासाठीं नव्हं. पाहणीला सायब येतात ना, त्यांच्यासाठीं," तो म्हणाला.

त्यापुढील दोन फाटकांपैकीं एकावरचा फलक चांगला, चालू महिन्याचा आणि मराठींतही होता हें न सांगणें अन्यायाचें होईल. तिसऱ्या फाटकावर फलक दिसला नाहीं.

परततांना आम्हांस संस्कृताच्या तासाची आठवण झाली. "वृ" या धातूचा मूळ अर्थ झांकणें. त्याला "आ" लावला कीं आवरण होतें, आणि "वि" लावला कीं विवरण, म्हणजे झांकलेलें उघडें करणें. एका उपसर्गाचा काय तो फरक. जें विवरणपत्र धाडणारा लिहितो, कचेरींतला कारकून फाइलींत लावतो आणि ज्याच्या घरावरून वारा वाहतो त्याला जें कधींच दिसत नाहीं, त्याला विवरणपत्र म्हणावें कीं आवरणपत्र? आम्हीं हें बोलून दाखवितांच पुतण्या दुखावला.

"काका, मी एकही विवरणपत्र कधीं उशिरा दिलेलें नाहीं. एकही आंकडा खोटा लिहिलेला नाहीं."

"खोटा लिहिलास असें मी म्हटलें नाहीं रे. कोणासाठीं लिहिलास तें विचारतों."

घरीं आल्यावर त्यानें नियमांचें पुस्तक आणून आमच्यापुढें ठेवलें. त्यांतील पंधरावा नियम आम्हीं दोनदां वाचला. मोठ्या अपघाताचा संभव असलेल्या कारखान्यानें आवाराबाहेरच्या, बाधा पोंचण्याजोग्या लोकांना त्या धोक्याचें स्वरूप आणि अपघाताच्या वेळीं काय करावें व काय करूं नये हें सांगितलेंच पाहिजे, असें त्यांत स्पष्ट आहे. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यांत १९८७ सालीं जें ४१-बी कलम घातलें गेलें त्यांतही कामगार, मुख्य तपासनीस, स्थानिक संस्था आणि परिसरांतील जनता अशी चौघांची नांवें होतीं. १९९६ च्या नियमांनीं जिल्ह्याजिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालीं संकटनिवारणाचे गट नेमले, आणि लोकांस माहिती पोंचविण्याचें काम त्यांच्याही माथीं घातलें. म्हणजे कायदा करणाऱ्यांना शेजारी आठवला होता.

आठवावयास तसेंच कारण झालें होतें. १९८४ च्या डिसेंबरांत २ आणि ३ तारखांच्या मधल्या रात्रीं भोपाळांत वायु सुटला तेव्हां हजारों माणसें झोपेंतून उठून वाट फुटेल तिकडे धांवलीं. इस्पितळांत डॉक्टर होते, पण समोरच्या माणसास कोणतें विष बाधलें आहे हें त्यांनाही कोणीं सांगितलेलें नव्हतें. त्यानंतर १९८६ सालीं आपल्याकडे पर्यावरण संरक्षण कायदा झाला. त्याच वर्षीं अमेरिकेंतही कायदा झाला, आणि कोणत्या कारखान्यानें वर्षभरांत कोणतें विष किती बाहेर सोडलें हें तेथील नागरिकास पाहतां येईल अशी तजवीज झाली.

"नियम मी वाचलेला आहे," पुतण्या म्हणाला. "पण एक तर आमच्याकडे तेवढा सांठा नाहीं, आम्ही मर्यादेच्या आंत आहों. आणि दुसरें, ज्यांना तो लागू आहे त्यांनाही त्याची आठवण करून देणारा फॉर्म दर वर्षीं येत नाहीं. ज्याला फॉर्म आणि तारीख आहे तें काम होतें. ज्याला नाहीं तें मागें पडतें."

"मर्यादेच्या आंतला अमोनिया डोळ्यांना झोंबत नाहीं काय?"

तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, "आणि लोक घाबरले तर? शिंदे-वासुलीला काय झालें तें आठवा."

हा मुद्दा उडवून लावण्यासारखा नव्हता. शिंदे-वासुली हें खेड तालुक्यांतलें गांव, तुकोबांच्याच भामचंद्र डोंगराच्या परिसरांतलें. भोपाळच्या कारखान्याची मालकी असलेली युनियन कार्बाइड कंपनी २००१ सालीं डाऊ केमिकल कंपनीनें घेतली. या डाऊनें २००८ च्या सुमारास शिंदे-वासुलीस संशोधन केंद्र उभारण्यास घेतलें. तेथें कोणतीं रसायनें येणार हें आम्हांस विचारांत घेऊन कोणीं सांगितलें नाहीं, ही ग्रामस्थांची तक्रार. वारकरीही त्यांच्या बाजूनें उभे राहिले. कंपनीचें म्हणणें होतें कीं हें केवळ संशोधन केंद्र, कारखाना नव्हे. प्रकरण चिघळत गेलें. जुलै २००८ मध्यें त्या जागीं जाळपोळ झाली, आणि पुढें तो बेत सोडून द्यावा लागला.

जाळपोळ वाईटच. परंतु पुतण्याला जो अर्थ दिसला तो आम्हांस दिसत नाहीं. तेथें लोक माहिती मिळाल्यामुळें बिथरले नव्हते. माहिती इतरांना आहे आणि आपल्याला नाहीं असें वाटल्यामुळें बिथरले. कालच्या रात्रीं आमच्या गल्लींत जें झालें तेंही असेंच. माणसास भीति वाटते ती अंधाराची. दिवा लावला म्हणून कोणी घाबरल्याचें ऐकिवांत नाहीं.

मग आम्हीं त्याला आमची स्वतःची एक गोष्ट सांगितली. ती आजवर घरांत कोणास ठाऊक नव्हती.

आम्ही ज्या शाळेंत होतों तेथील शास्त्राचे शिक्षक एका वर्षीं बदलून गेले आणि प्रयोगशाळेच्या दप्तराचा भार आम्हां संस्कृतवाल्यांवर आला. दर वर्षीं सांठ्याचा तक्ता भरावयाचा. आम्हीं मागील वर्षाचा तक्ता पुढें ठेवून सुवाच्य अक्षरांत उतरून काढीत असूं, आणि खालीं लिहीत असूं : "सांठा पडताळून पाहिला, बरोबर आहे." कपाट एकदांही उघडलें नाहीं. तपासनीस आले, त्यांनीं तक्ता पाहून "समाधानकारक" असा शेरा दिला. पुढें पंधरा दिवसांनीं आमचा शिपाई तें कपाट पुसावयास गेला. आंतल्या एका बाटलीची चिठ्ठी कसर लागून गळून पडली होती. बाटली निसटली आणि तीव्र आम्ल त्याच्या उजव्या हातावर सांडलें. काय सांडलें हें त्यास ठाऊक नव्हतें. धांवत नळावर जाण्याऐवजीं त्यानें हात कोरड्या फडक्यानें घट्ट गुंडाळला. बोटें वांचलीं, पण आंखडलीं तीं आंखडलींच. निवृत्त होईपर्यंत तो शाळेची घंटा डाव्या हातानें देई. आम्ही वर्गांत असलों आणि घंटा झाली म्हणजे खिडकीबाहेर पाहत नसूं.

आमचा तक्ता वेळेवर गेला होता. त्यांत एकही आंकडा खोटा नव्हता. फक्त ज्याचा हात त्या कपाटांत जावयाचा होता त्याच्यासाठीं तो लिहिलेला नव्हता.

पुतण्या बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. वहिनी खाटेवरून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "तुझ्या सहीचा कागद एवढ्या दूर कचेरींत जातो. मग नदी ओलांडून माझ्याकडे यायला काय हरकत आहे रे?"

दुपारीं त्यानें एक कागद लिहावयास घेतला. आम्हीं फक्त भाषा सोपी करून दिली. "आमच्या कारखान्यांत अमोनिया आहे" हें पहिलें वाक्य. तो कशासाठीं लागतो, किती असतो. त्याचा वास नाकांत झोंबणारा असतो आणि डोळ्यांतून पाणी काढतो. वास आला तर दारें-खिडक्या लावा, ओलें फडकें तोंडावर धरा, बाहेर असाल तर वाऱ्याबरोबर न धांवतां वाऱ्याला आडवे होऊन बाजूस व्हा, डोळे भरपूर पाण्यानें धुवा. दमेकऱ्यांस व लहान मुलांस आधीं आंतल्या खोलींत न्या. आणि खालीं दिवसरात्र कोणीतरी उचलील असा कारखान्याचा टेलिफोन व सरकारी ११२ क्रमांक. सारा मजकूर एका पानांत बसला. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, शाळेंत आणि देवळाच्या भिंतीवर तो लावावा, असा त्याचा मानस.

"पण वरिष्ठांची संमति लागेल," तो म्हणाला. "इतर कोणी लावीत नाहीं, आपणच कां, असें ते विचारतील. कदाचित् रागावतीलही." नोकरदार माणसाची ही चिंता आम्हांस समजते. आम्हीं त्याला धीर दिला नाहीं व उपदेशही केला नाहीं. त्यानें पत्र लिहून, सोबत तो कागद जोडून, आमच्यासमोरच वरिष्ठांकडे धाडलें. वार्षिक विवरणपत्रही त्याच संध्याकाळीं गेलें, मुदतीच्या आंत.

वाचकांपैकीं अनेकांचीं घरें आज अशाच एखाद्या वसाहतीच्या शेजारीं असतील. त्यांस आमची विनंति एवढीच कीं, संध्याकाळीं फिरावयास जातांना एकदां त्या फाटकापर्यंत जावें आणि फलक वाचावा. तारीख जुनी असल्यास आंत जाऊन सौजन्यानें विचारावें. उत्तर न मिळाल्यास २००५ चा माहितीचा अधिकार आहेच. दहा रुपये आणि साधा अर्ज सरकारी कचेरीस दिला कीं तिच्याकडे असलेल्या विवरणपत्रांची माहिती तीस दिवसांत मागतां येते. जीविताचा प्रश्न असेल तर ४८ तासांत उत्तर द्यावें असेंही त्या कायद्यांत आहे. पण मध्यरात्रीं खिडकींतून वास आल्यावर ४८ तास कोण थांबणार? तेव्हां हें विचारणें दिवसां, वारा स्वच्छ असतांना, करून ठेवावें. आणि ज्यांचीं मुलें वा जांवई असे तक्ते भरण्याच्या जागीं आहेत, त्यांनीं घरच्या जेवणाच्या पंगतींत त्यांना एकदां विचारावें कीं, बाबा, तूं काय लिहितोस तें आम्हांलाही वाचून दाखव.

चौथ्या दिवशीं संध्याकाळच्या लोकलनें आम्ही परतलों. निघतांना नातवानें आपली वही आणून दाखविली. तिच्या शेवटच्या पानावर त्यानें बापाला विचारून आंकडे उतरून घेतले होते : १२३०, १२०३, १०१७, १००५, आणि प्रत्येकापुढें मराठींत नांव. "आजोबा, आतां टँकर दिसला कीं मला कळेल," तो म्हणाला. त्याच्या वहींत एक रकाना कोरा होता. तो कशाचा, असें विचारतां म्हणाला, "काल रात्रीं वास आला होता ना, त्याचा. बाबांना कळलें कीं लिहीन."

हा मजकूर लिहीपर्यंत तरी तो रकाना कोराच आहे. पुतण्याच्या पत्रास वरिष्ठांचें उत्तर यावयाचें आहे.